रोजचे चालणे आणि उष्मांकांचा हिशेब

वजन कमी करण्याचा निश्चय केलेले आपले अनेक सभासद बंधू-भगिनी एक प्रश्न हमखास विचारतात. घर ते स्टेशन, स्टेशन ते कचेरी, येताना बाजार, असे रोज तीन-चार किलोमीटर चालणे होते. मोबाईल पाच-सहा हजार पावले दाखवितो. मग तितक्या उष्मांकांचे जास्त खाल्ले तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. परंतु या हिशेबात बहुधा एकच रक्कम दोनदा जमा होते. त्यामुळे महिनोन् महिने चालूनही वजनाचा काटा हलत नाही आणि माणसे निराश होऊन चालणेच सोडून देतात. नुकसान होते ते तिथे. म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

उष्मांक म्हणजे आपण ज्याला कॅलरी म्हणतो ते ऊर्जेचे माप. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाला १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषास २११० उष्मांक लागतात. मध्यम कष्टाचे काम असल्यास हेच आकडे २१३० व २७१० होतात. बैठे काम म्हणजे अंथरुणावर पडून राहणे नव्हे. स्वयंपाकघरातील वावर, घरातील उठबस, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची फेरी ही त्यात धरलेलीच आहे. रोज बरेच चालणाऱ्याने एक तर बैठ्या आणि मध्यम यांच्यामधला आकडा धरावा, किंवा बैठा आकडा धरून लांबचे चालणे वेगळे मिळवावे. दोन्ही करू नये.

याहून सोपी कसोटी घरच्या वजनकाट्यावर आहे. गेले सहा महिने तुम्ही स्टेशनपर्यंत चालत आहात आणि वजन जेथल्या तेथे आहे, तर ते चालणे तुमच्या सध्याच्या जेवणात केव्हाच वजा झालेले आहे. त्याच्या नावावर आणखी एक पोळी घेता येत नाही. नव्याने वाढविलेले चालणे तेवढे वेगळे जमेस धरावे.

ते तरी किती? सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालल्यास वजनाच्या दर किलोमागे साधारण अर्धा उष्मांक जादा खर्च होतो. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस ३०. मोबाईल किंवा मनगटावरचे यंत्र पुष्कळदा याहून मोठा आकडा दाखविते, कारण स्वस्थ बसूनही जे खर्च झाले असते तेही त्यात मिळविलेले असते. विरार लोकलमध्ये तासभर उभे राहणे दमविणारे खरे, पण उष्मांकांच्या दृष्टीने ते बसण्यापेक्षा थोडेसेच जास्त. स्टेशनचा पूल चढताना धाप लागते. तरी सहा मीटर उंची चढण्यास ६० किलोच्या माणसाचे जेमतेम चार-पाच उष्मांक जातात! दहा हजार पावलांचा आकडाही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावाचा तो अर्थ होता.

आता खाण्याची बाजू पाहू. एका वडापावात साधारण २५० ते ३०० उष्मांक असतात. ते जिरविण्यास वरील व्यक्तीस आठ-दहा किलोमीटर जादा चालावे लागेल. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन लहान चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेचे सुमारे १६० उष्मांक झाले. तेवढ्यासाठी पाच किलोमीटरांवर चाल हवी. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदि याची हकीकत आहे. अतिजेवणाने जड झालेला हा राजा भगवंतांच्या सूचनेवरून भाताचे माप हळूहळू कमी करीत गेला आणि सडपातळ झाला. चालण्याचा उल्लेख तिथे नाही, मापाचा आहे.

मग चालावे की नाही? अवश्य चालावे. रोज अर्धा तास, म्हणजे सव्वादोन किलोमीटर, जास्त चालल्यास ६० किलोच्या व्यक्तीचे सुमारे ७० उष्मांक जातात. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात. खाणे तेवढेच राहिल्यास एक किलो उतरण्यास साडेतीन महिने लागतील. वेग मंद आहे, पण साखर सोडण्याची जोड दिली की तोच काळ एका महिन्याच्या आसपास येतो. शिवाय रक्तदाब व रक्तातील साखर यांना चालण्याचा लाभ वजन न उतरताही होतो. रविवारी नालासोपारा स्टेशनवरून सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत रिक्षा न करता पायी गेल्यास ते जादा चालणे ठरेल. रोजची स्टेशनची वाट ठरणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यात पाणी तुंबले की चालणे बंद पडते, तेव्हा ताटातील माप मात्र उन्हाळ्याचेच राहते, हेही ध्यानात असावे.

पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांहून अधिक असल्यास भारतीयांत मधुमेहाचा धोका वाढतो. काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, अन्यथा साखर एकदम उतरू शकते. आमच्या विद्यार्थी वाचकांनी, विशेषतः वाढत्या वयातील मुला-मुलींनी, वरील आकडे आपल्या ताटाला लावू नयेत.