गावांचे शहरात विलीनीकरण : तंजावरचा अनुभव

शहराची वस्ती आणि शहराची प्रशासकीय हद्द या दोन गोष्टी फार काळ एकरूप राहत नाहीत. रस्त्याच्या दुतर्फा घरे उभी राहतात, शेतजमिनीचे भूखंड पडतात आणि काही वर्षांतच लगतची गावे दिसायला शहर, पण कारभाराने ग्रामपंचायत अशा संक्रमणावस्थेत येतात. अशा गावांचे शहरात विलीनीकरण करावे काय, केव्हा करावे आणि तो निर्णय कोणी घ्यावा, हे स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासातील महत्त्वाचे प्रश्न होत. विलीनीकरण म्हणजे नकाशावरील रेषा पुसणे एवढेच नव्हे. त्याबरोबर कर आकारण्याचा अधिकार, शासकीय योजनांची पात्रता आणि लोकप्रतिनिधीपर्यंतचे अंतर या तिन्ही बाबी बदलतात. महाराष्ट्राशी जवळचे ऐतिहासिक नाते असलेल्या तंजावर परिसरात या प्रक्रियेचा सुमारे हजार वर्षांचा इतिहास पाहावयास मिळतो. म्हणून तो विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे.

ताम्रपटातील विलीनीकरण

चोळकालीन प्रशासनात ‘ऊर’ ही सर्वसाधारण गावाची सभा, ‘सभा’ ही ब्रह्मदेय गावातील भूधारक ब्राह्मणांची संस्था आणि ‘नगरम्’ ही व्यापाऱ्यांची संस्था होती. अनेक गावे मिळून ‘नाडू’ हा विभाग बनत असे. काही मोठ्या ब्रह्मदेय गावांना नाडूपासून स्वतंत्र असा ‘तनियूर’ दर्जा मिळे आणि आसपासच्या वाड्या त्यांना जोडल्या जात.

तंजावर शहराचाच भाग असलेल्या करंदै येथील तमिळ संगमाच्या नावाने ओळखला जाणारा पहिल्या राजेंद्र चोळाचा ताम्रपट या दृष्टीने उल्लेखनीय आहे. राजेंद्राच्या आठव्या राज्यवर्षातील, म्हणजे इ.स. १०२० च्या सुमाराच्या या लेखानुसार पन्नासहून अधिक गावे एकत्र करून ‘त्रिभुवनमहादेवी चतुर्वेदिमंगलम्’ हे एकच गाव निर्माण करण्यात आले आणि ते हजाराहून अधिक ब्राह्मणांना दान देण्यात आले. राजमातेचे नाव या नव्या गावास देण्यात आले होते.

चोळ दानलेखांत सीमानिश्चितीस मोठे महत्त्व असे. गावाच्या हद्दीवरून हत्तीण फिरवून सीमा ठरविल्याच्या नोंदी आढळतात. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, पूर्वीपासून जमीन कसणारी कुळे कायम ठेवून दान दिले की त्यांना दूर करून दिले, असा भेदही या काळातील लेखांत केलेला दिसतो. गावाची रचना बदलली की तेथील कष्टकऱ्याचे काय होते, हा प्रश्न त्या काळीही नोंदविण्याजोगा होता. मात्र निर्णय राजाचा होता आणि नव्या गावाची सभा भूधारक ब्राह्मणांपुरती मर्यादित होती. म्हणूनच चोळकालीन स्थानिक संस्थांचे वर्णन करताना त्यांना आजच्या अर्थाने लोकशाही संस्था म्हणणे योग्य ठरत नाही.

किल्ला, कंपनी आणि नगरपालिका

व्यंकोजी भोसले यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे मराठा सत्ता स्थापन केली. १७९९ च्या तहानंतर दुसऱ्या सरफोजी राजांकडे तंजावरचा किल्ला व लगतचा परिसर एवढाच अधिकार उरला. उर्वरित मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. परिणामी किल्ल्याच्या आत एक सत्ता व बाहेरच्या मुलखात दुसरी, असा दुहेरी कारभार सुमारे अर्धशतक चालला. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजी राजांच्या मृत्यूनंतर हे संस्थान खालसा झाले आणि हा द्वैत कारभार संपला.

त्यानंतर मद्रास इलाख्याच्या १८६५ च्या नगरसुधारणा कायद्यानुसार १८६६ मध्ये तंजावर नगरपालिका स्थापन झाली. कुंभकोणमची नगरपालिकाही त्याच वर्षीची. रस्ते, स्वच्छता, पोलीस यांसारखा खर्च स्थानिक करांतून भागवावा, हा या कायद्यामागील हेतू होता. लोकप्रतिनिधित्वाचा विचार पुढे १८८२ च्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने बळावला. मद्रास इलाख्यात १८८४ मध्ये जिल्हा नगरपालिका कायदा आणि स्थानिक मंडळ कायदा असे दोन कायदे झाले. यांपैकी दुसऱ्या कायद्यात एक किंवा अधिक गावे मिळून ‘युनियन’ स्थापन करण्याची तरतूद होती. घरपट्टी आकारून रस्ते, दिवाबत्ती व स्वच्छता सांभाळणाऱ्या या युनियन म्हणजे आजच्या तमिळनाडूतील नगरपंचायतींच्या पूर्वज मानता येतील. गाव आणि शहर यांच्यामधील तिसरी पायरी तेथे अशी आरंभापासून अस्तित्वात होती.

राज्यघटनेची चौकट

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३ क्यूमध्ये तीन प्रकारच्या नागरी संस्था सांगितल्या आहेत : ग्रामीण स्वरूपाकडून नागरी स्वरूपाकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका. कोणते क्षेत्र कोणत्या प्रकारात मोडते, हे राज्यपालांनी, म्हणजे प्रत्यक्षात राज्य शासनाने, अधिसूचनेद्वारे ठरवावयाचे असते. त्यासाठी लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाचे उत्पन्न, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व हे निकष दिले आहेत.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, जनगणनेतील ‘नगर’ आणि कायद्यातील ‘नगर’ एकच नव्हे. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असणे, हे निकष पूर्ण करणारे गाव जनगणनेच्या दृष्टीने नगर ठरते. मात्र त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहू शकतो. दुसरी गोष्ट अशी की, विलीनीकरणासाठी संबंधित ग्रामसभेची संमती घ्यावी, अशी अट अनुच्छेद २४३ क्यूमध्ये नाही. हरकती व सूचना मागविण्याची पद्धत राज्यांच्या कायद्यांत आहे. तथापि हरकत ऐकणे आणि संमती घेणे या भिन्न गोष्टी आहेत.

धोरणाचे हेलकावे

तमिळनाडू हे देशातील अत्यंत नागरीकरण झालेल्या राज्यांपैकी एक असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथील ४८ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या नागरी होती. तरीही दर्जाबाबतचे धोरण एका दिशेने गेलेले दिसत नाही. २००४ मध्ये राज्यातील ५६१ नगरपंचायतींना ‘विशेष ग्रामपंचायत’ असा दर्जा देण्यात आला. ग्रामीण विकासाच्या केंद्रीय योजनांचा निधी मिळावा, हे त्यामागील प्रमुख कारण होते. २००६ मध्ये हा निर्णय फिरवून त्या पुन्हा नगरपंचायती करण्यात आल्या. या दोन वर्षांत वस्ती, व्यवसाय वा लोकसंख्या यांत मूलभूत बदल झाला नव्हता. बदलला तो केवळ निधीचा मार्ग. गाव की शहर हा प्रश्न पुष्कळदा समाजशास्त्रीय नसून वित्तीय असतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

तंजावर नगरपालिकेची २०११ ची लोकसंख्या २,२२,९४३ होती. २०१४ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि २०१६ मध्ये शहराची निवड स्मार्ट सिटी अभियानात झाली. जिल्ह्यातील कुंभकोणम हे शहर २०२१ मध्ये महानगरपालिका झाले, तेव्हा शेजारची दारासुरम नगरपंचायत त्यात विलीन करण्यात आली. ऐरावतेश्वर मंदिरामुळे जागतिक वारसा यादीत स्थान मिळालेले आणि विणकरांची वस्ती असलेले हे गाव अशा रीतीने मोठ्या शहराचे प्रभाग बनले.

१ जानेवारी २०२५ रोजी तमिळनाडू शासनाने राज्यभर १३ नव्या नगरपालिका स्थापन करण्याचे आणि १६ महानगरपालिकांच्या हद्दी लगतच्या ग्रामपंचायती घेऊन वाढविण्याचे आदेश काढले. तंजावरसह २७ जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींच्या निवडणुका डिसेंबर २०१९ मध्ये झाल्या होत्या आणि त्यांची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. त्यामुळे विलीनीकरणाच्या चर्चेच्या काळात गावांत निर्वाचित पंचायती नव्हत्या. अनेक ठिकाणी ग्रामस्थांनी विरोध नोंदविला. त्यात रोजगार हमीचे काम जाईल आणि घरपट्टी वाढेल, ही दोन कारणे प्रामुख्याने पुढे आली.

विलीनीकरणाचा जमाखर्च

अर्थशास्त्राच्या दृष्टीने विलीनीकरणाच्या बाजूचे युक्तिवाद भक्कम आहेत. जलशुद्धीकरण केंद्र, भुयारी गटारे, घनकचरा प्रक्रिया यांचा एकूण खर्च मोठा असतो आणि लाभार्थी वाढले की दरडोई खर्च कमी होतो. दुसरे असे की, गावात राहून शहरातील रस्ते, बाजार व रुग्णालये वापरणाऱ्यांचा कर शहरास मिळत नाही. उलट शहराचे सांडपाणी व कचरा गावाच्या शिवारात जातो आणि त्याची भरपाई गावास मिळत नाही. एकच संस्था असल्यास हे बाह्य परिणाम तिच्याच हिशेबात येतात. शिवाय ग्रामपंचायतीकडे नगररचनाकार वा अभियंता नसतो. महानगरपालिकेकडे तो असतो.

खर्चाची बाजूही तितकीच खरी आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचा लाभ ग्रामीण क्षेत्रापुरताच होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी संसदेने मंजूर केलेला १२५ दिवसांच्या रोजगाराचा कायदाही ग्रामीण क्षेत्रासाठीच आहे. अधिसूचनेच्या दिवशी गाव शहर होते, पण तेथील शेतमजूर त्या दिवशी कारखान्याचा कामगार होत नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीवर जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, हा फरक थेट मजुरीत मोजावा लागतो.

जमिनीचा प्रश्नही असाच आहे. नागरी हद्दीत आलेल्या शेताची किंमत वाढते. ज्याच्या नावे जमीन आहे त्यास ते लाभाचे ठरते. जो ती कसतो वा तिच्यावर मजुरी करतो, त्याचे काम मात्र भूखंड पडताच संपते. तमिळनाडूच्या २०२० च्या संरक्षित कृषी क्षेत्र विकास कायद्यात तंजावर जिल्हा समाविष्ट आहे. परंतु त्या कायद्याने तेल व वायूचे उत्खनन, धातू वितळविणारे कारखाने यांसारख्या विशिष्ट उद्योगांना मनाई केली आहे. निवासी भूखंड त्या यादीत नाहीत.

प्रतिनिधित्वाचा हिशेबही मांडावयास हवा. तमिळनाडूत ग्रामपंचायतीचा अध्यक्ष मतदार थेट निवडतात आणि गावाची ग्रामसभा वर्षातून ठरलेल्या दिवशी भरते. तंजावर महानगरपालिकेत ५१ प्रभाग आहेत. २०११ च्या लोकसंख्येनुसार एका नगरसेवकामागे सुमारे ४,४०० नागरिक येतात. अनेक लहान गावे जेव्हा एकाच प्रभागात येतात, तेव्हा प्रत्येक गावास स्वतःचा प्रतिनिधी उरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये प्रभाग समित्या व क्षेत्रसभांचे नियम केले. विलीन गावांत या क्षेत्रसभा कितपत नियमित भरतात, यावर त्यांचे मोल ठरेल.

ग्लारुसचा कौल

जगातील इतर देशांनीही हा मार्ग चोखाळला आहे. जपानमध्ये १९९९ मध्ये ३,२३२ असलेल्या नगरसंस्था २०१० पर्यंत १,७२७ वर आल्या. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ वरून ९८ इतकी घट केली. मात्र निर्णयप्रक्रियेच्या दृष्टीने आल्प्स पर्वतातील ग्लारुस या स्विस कँटनचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे.

तेथे मतदार वर्षातून एकदा उघड्या मैदानात एकत्र येऊन हात उंचावून निर्णय घेतात. मे २००६ च्या सभेपुढे २५ नगरसंस्थांच्या दहा कराव्यात, असा शासनाचा प्रस्ताव होता. सभेत एका नागरिकाने दहाऐवजी तीनच कराव्यात अशी सूचना मांडली आणि ती मंजूर झाली. निर्णय अनपेक्षित असल्याने तो बदलावा अशी मागणी झाली. तेव्हा नोव्हेंबर २००७ मध्ये विशेष सभा बोलाविण्यात आली आणि तिने तोच निर्णय कायम केला. १ जानेवारी २०११ पासून तो अमलात आला. दक्षिणेकडील दरीतील १७ लहान गावे मिळून सुमारे दहा हजार वस्तीची एक नगरसंस्था बनली.

लोकांना विचारले तर ते विलीनीकरण नाकारतीलच, ही समजूत ग्लारुसच्या अनुभवाने खोटी ठरविली. शासनाने सुचविले त्याहून मोठा बदल लोकांनी स्वीकारला, कारण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता आणि तयारीसाठी त्यांना साडेचार वर्षे मिळाली. अर्थात सुमारे चाळीस हजार लोकसंख्येच्या, संपन्न कँटनची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण संमती आणि पुरेसा अवधी ही दोन तत्त्वे घेता येतील.

महाराष्ट्रासाठी बोध

महाराष्ट्रातही हा विषय जिवंत आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये ती महानगरपालिका बनली. औद्योगिक उत्पन्नाचा आधार असल्याने तेथे नागरी सेवा उभ्या राहू शकल्या. याउलट कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे २००२ मध्ये महानगरपालिकेतून वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची या गावांसाठी २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषद स्थापन करावी लागली. कर आधी आणि पाणी, रस्ते नंतर, असा क्रम राहिल्यास विलीनीकरण टिकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून विलीनीकरणाच्या अधिसूचनेपूर्वी काही बाबी निश्चित होणे आवश्यक आहे. निर्वाचित पंचायत अस्तित्वात असताना ग्रामसभेचे मत नोंदविले जावे. करवाढ टप्प्याटप्प्याने व सेवा पोहोचल्यानंतरच व्हावी. ग्रामीण रोजगाराची हमी जेथे संपते, तेथे काही वर्षांसाठी नागरी रोजगार योजनेची जोड असावी. विलीन गावांतून क्षेत्रसभा नियमित भराव्यात. चोळांच्या दानलेखांनी सीमेबरोबर जमीन कसणाऱ्याची स्थितीही लिहून ठेवली होती. लोकशाही शासनाच्या अधिसूचनेने त्याची स्थिती नोंदवावी आणि त्याचे मतही विचारावे, ही अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल.