स्पेनमध्ये एक सेमिस्टर? सालामांका बघा!

स्पॅनिश शिकणाऱ्यांना माद्रिद-बार्सिलोना आधी सुचतात. माझं मत मात्र सालामांकाला. 1218 साली स्थापन झालेलं इथलं विद्यापीठ स्पेनमधलं सर्वांत जुनं. शहर आटोपशीर, बहुतेक ठिकाणी पायीच जाता येतं. जुन्या इमारती सोनेरी वालुकाश्माच्या. संध्याकाळच्या उन्हात अक्षरशः उजळतात. विद्यापीठाच्या कोरीव दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक इवलासा बेडूक आहे. कुणी न दाखवता तो सापडला की परीक्षेत पास, अशी समजूत. (अभ्यास करावा लागतोच!)

गुण 10 पैकी, पास व्हायला 5. सेमिस्टरला साधारण 30 युरोपीय क्रेडिट. आपलं कॉलेज ती धरणार का, हे निघण्याआधी लेखी घ्या. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर, म्हणजे सुरुवातीला पोटात कावळे ओरडणारच. अंडं चालत असेल तर बटाट्याची जाडजूड तोर्तिया पावाबरोबर घ्या, झकास आधार होतो. शुद्ध शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोलीच शोधावी.

आणि हो, शहर सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली उतरतो, तेव्हा स्वेटर घ्याच.