गिरकीमागची झोप

स्पिनर डॉल्फिन लांबीला जेमतेम दोन मीटर, सडपातळ, निमुळत्या लांब चोचीचा. पाण्याबाहेर झेपावला की स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरतो. एकाच उडीत सात गिरक्यांपर्यंत नोंदी आहेत. फिरायला तो पाण्यातच सुरुवात करतो. तिथे पाणी त्याला अडवत असतं. बाहेर पडताच तो अडसर हटतो आणि फिरण्याला एकदम वेग येतो. अंगाला चिकटलेले रेमोरा मासे झटकण्यासाठी, किंवा आदळण्याच्या आवाजाने सोबत्यांना खूण देण्यासाठी तो हे करत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या गिरकीने तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याचं आयुष्य मात्र तोललं आहे ते झोपेवर.

स्पिनर रात्रपाळीचा शिकारी. दिवसभर खोल काळोखात राहणारे कंदीलमासे, माकुळ आणि कोळंबी सूर्य मावळल्यावर वर सरकू लागतात. स्पिनरही तेव्हाच खोल समुद्राकडे निघतात. हवाईच्या ओआहू बेटाजवळ सोनारने घेतलेल्या नोंदींत ते जोड्याजोड्यांनी भक्ष्याला घेरून त्याचा दाट घोळका करताना आढळले.

पहाटे कळप किनाऱ्याकडे परततो. हवाईतल्या केआलाकेकुआ उपसागरात डॉल्फिनचे अभ्यासक केनेथ नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दिनचर्या वर्षानुवर्षं टिपली. उथळ, वाळूच्या तळावर कळप दाटीने, संथपणे फिरत राहतो. शिट्ट्या थांबतात, उड्या थांबतात. डॉल्फिनच्या मेंदूचा एक भाग झोपतो तेव्हा दुसरा जागा असतो. श्वासासाठी वर यावंच लागतं. या वेळी पहारा कानांपेक्षा डोळ्यांवर असतो, आणि फिकट वाळूवर शार्कची काळी आकृती चटकन दिसते. जागेची ही निवड अशी जिवाच्या हिशेबाने केलेली असते.

दुपारनंतर जाग येते, पण कळप लगेच निघत नाही. खुल्या समुद्राकडे धावतो, थंडावतो, मागे वळतो, पुन्हा धावतो. सगळे तयार होईपर्यंत ही ये-जा चालते, असा अर्थ नॉरिस यांनी लावला. उड्या आणि गिरक्यांना तेव्हा उधाण येतं.

या प्राण्याने माणसाकडून खूप सोसलं. पूर्व पॅसिफिकमध्ये पिवळ्या परांचे कुपे, म्हणजे टूना, डॉल्फिनच्या कळपांखालून पोहतात. १९५०च्या दशकाअखेरीपासून बोटी डॉल्फिनचा पाठलाग करून दोघांभोवती पर्ससीन जाळी टाकू लागल्या. स्पिनर आणि ठिपकेवाले डॉल्फिन लाखोंनी मेले. १९७२चा अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आणि जाळ्यातून डॉल्फिनना सोडवण्याच्या सुधारित पद्धती यांमुळे मृत्यू फार घटले.

आता धोका कौतुकाचा आहे. पर्यटक त्यांच्या विश्रांतीच्या वेळीच उपसागरात उतरतात. झोप मोडलेला कळप रात्री शिकारीला थकलेलाच जातो. मादी साधारण तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. अशा जातीला झालेली झीज भरून काढणं सोपं नाही. म्हणून २०२१मध्ये अमेरिकेने हवाईच्या किनाऱ्यालगत स्पिनरच्या ४५ मीटरच्या आत जाण्यास बंदी घातली.

आपल्याकडे लक्षद्वीपच्या समुद्रात स्पिनर दिसतात. कोकणच्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन, वेगळ्या जातीचे. त्यांच्यामागेही पर्यटकांच्या बोटी धावतातच. जात कोणतीही असो, बोट लांब थांबवावी, इंजिन शांत ठेवावं. आणि स्पिनरची गिरकी पाहायचीच असेल, तर दिवस कलू द्यावा. झोप पुरी झाली की तो आपणहून झेपावतो.