मोबाईल ॲपची पारख

नवें औत घेतांना शेतकरी तें दुकानाच्या ओट्यावर पाहून पसंत करीत नाहीं. रुमणें हाताला बेतशीर येतें कीं नाहीं, फाळ आपल्या जमिनींत धरतो कीं उसळतो, आपल्या बैलांना ओढ जड जाते काय, हें दोन तास काढल्यावांचून समजत नाहीं. अलीकडे शेतकऱ्याच्या हातीं मोबाईलमधील ॲप हें आणखी एक औजार आलें आहे. हवामान, बाजारभाव, पीकविमा, पिकांची नोंद अशीं अनेक कामें त्याच्याद्वारें होतात. परंतु या औजाराची पारख करण्याची रीत आपल्यांत अजून रूढ झालेली नाहीं. ॲप अडलें कीं "मला मोबाईल जमत नाहीं" असें म्हणून शेतकरी दोष स्वतःकडे घेतो. रुमणें आखूड असल्यामुळें पाठ दुखूं लागली, तर तोच मनुष्य पाठीला दोष न देतां सुताराकडे जातो. हाच न्याय ॲपला कसा लावावा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरणादाखल ई-पीक पाहणीचें ॲप घेतलें आहे. मात्र येथें सांगितलेली रीत कोणत्याही ॲपला लागूं पडेल.

नोंदीचें महत्त्व

सातबाऱ्यांतील सात क्रमांकाच्या नमुन्यांत जमिनीच्या हक्काची व बारा क्रमांकाच्या नमुन्यांत पिकांची नोंद असते, हें वाचकांस ठाऊकच आहे. पिकांची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र शासनानें टाटा ट्रस्टच्या साहाय्यानें तयार झालेली ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली, आणि खातेदारानें आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करावी अशी व्यवस्था झाली. गांव, खातेदार व गट नंबर निवडणें, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचें साधन व पेरणीची तारीख भरणें, आणि शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घेणें, असा या कामाचा सामान्य क्रम आहे.

ही नोंद राहून गेली तर पीककर्ज, हमीभावाची खरेदी व आपत्तीची मदत या बाबतींत अडचण उत्पन्न होते. २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन उत्पादकांस अर्थसाहाय्य देण्याचें ठरलें, तेव्हां आरंभीं ई-पीक पाहणीच्या नोंदीची अट होती. पीक घेऊनही ज्यांची नोंद झाली नव्हती ते त्यामुळें वगळले जाण्याची वेळ आली, व २०२४ मध्यें ती अट शिथिल करावी लागली. पडद्यावरील एखादें बटन सांपडलें नाहीं, तर त्याची किंमत अशा रीतीनें रुपयांत द्यावी लागूं शकते. म्हणून ही पारख फावल्या वेळची करमणूक नव्हे.

परीक्षेचीं दोन अंगें

पहिलें अंग उपयोगसुलभतेचें. आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या ९२४१ क्रमांकाच्या मानकाचा अकरावा भाग २०१८ मध्यें सुधारून प्रसिद्ध झाला. त्यांत तीन कसोट्या सांगितल्या आहेत : काम पुरतें व बिनचूक होतें काय, त्यास वेळ व श्रम किती लागतात, आणि करणाऱ्याचें समाधान होतें काय. या कसोट्या अमुक माणसें, अमुक काम व अमुक परिस्थिति धरूनच लावावयाच्या असतात. कचेरींत पंख्याखालीं बसलेल्या तरुणास दोन मिनिटांत नोंद करतां आली, म्हणून भर दुपारीं बांधावर उभ्या असलेल्या साठ वर्षांच्या खातेदारास ती करतां येईल असें सिद्ध होत नाहीं.

दुसरें अंग सर्वसुगमतेचें. ज्यांची दृष्टि मंद आहे, ज्यांना ऐकूं येत नाहीं, ज्यांचीं बोटें अधू आहेत, त्यांनाही तेंच काम करतां आलें पाहिजे, असा याचा अर्थ. याविषयीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें नियम घालून दिले असून त्यांची २.२ ही आवृत्ति ऑक्टोबर २०२३ मध्यें निघाली. मूळ नियम संकेतस्थळांसाठीं असले तरी ॲपची परीक्षाही त्यांवरून केली जाते. त्यांच्या मुळाशीं चार तत्त्वें आहेत : मजकूर इंद्रियांस कळावा, साधन चालवितां यावें, व्यवहार समजावा, आणि तें सर्व निरनिराळ्या यंत्रांवर टिकावें.

आपल्या देशांत दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ यानें माहितीचीं व दळणवळणाचीं साधनें दिव्यांगांस सुगम असावींत असें सांगितलें आहे. मोबाईलद्वारें ओळख पटवितांना जिवंतपणाची खूण म्हणून डोळे मिचकावण्याची अट असते; ॲसिडहल्ल्यांत ज्यांचे चेहरे व डोळे जखमी झाले आहेत त्यांना व अंध व्यक्तींना ती पाळतां येईना. त्यांच्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयानें ३० एप्रिल २०२५ रोजीं निर्णय देऊन अशा सेवांपर्यंत पोंचणें हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें म्हटलें. सुगमतेची मागणी करणारा कोणाच्या मेहेरबानीची याचना करीत नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें.

डोळा, हात व शब्द

प्रथम डोळ्याची बाजू पाहावी. अक्षर व त्याची पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण साध्या आकाराच्या अक्षरांसाठीं निदान ४.५ ला १ व मोठ्या अक्षरांसाठीं ३ ला १ असावें, असा वरील नियमांचा दंडक आहे. पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगाचीं अक्षरें घरांत वाचतां येतात, पण उन्हांत नाहींशीं होतात. देवनागरींत वेलांट्या व मात्रा शिरोरेषेच्या वर आणि उकार खालीं येतात. ओळी दाटीनें बसविल्या तर तीं चिन्हें एकमेकांस भिडतात किंवा कापलीं जातात. मोबाईलच्या व्यवस्थेंतून अक्षर दुप्पट मोठें करून पाहावें. मजकूर तुटतां अगर बटन पडद्याबाहेर जातां कामा नये. झालेली व राहिलेली नोंद केवळ हिरव्या व तांबड्या रंगानें दाखविली असेल, तर ज्यांना त्या रंगांतील भेद कळत नाहीं असे लोक फसतात. रंगाबरोबर शब्द असलाच पाहिजे.

ज्यांना मुळींच दिसत नाहीं त्यांच्यासाठीं अँड्रॉइड मोबाईलमध्यें 'टॉकबॅक' नांवाची सोय आहे. पडद्यावर बोट ठेवलें कीं तेथील मजकूर ती मोठ्यानें वाचते. परंतु ज्या बटनावर नुसतें कॅमेऱ्याचें चित्र असून त्यास आंतून नांव दिलेलें नसतें, तेथें ऐकणाऱ्यास तें बटन कशाचें हें कळत नाहीं. एकदां ही सोय सुरू करून डोळे मिटून ॲप चालवून पाहिलें, तर असे दोष तत्काळ उघडे पडतात.

आतां हात. मोबाईलचा पडदा बोटाच्या विद्युत्स्पर्शानें चालतो. घट्टे पडलेलें कोरडें बोट त्यास नीट जाणवत नाहीं, आणि पडद्यावर पाण्याचे थेंब असले तर भलतीकडेच स्पर्श झाल्याचा भास होतो. म्हणून बटन मोठें हवें. अँड्रॉइडच्या कर्त्यांनीं सांगितलेलें माप सुमारें ९ मिलिमीटर लांबी-रुंदीचें आहे. 'जतन करा' व 'रद्द करा' हीं बटनें चिकटून असणें म्हणजे खताची व तणनाशकाची बाटली एकाच फळीवर ठेवण्यासारखें आहे.

तिसरी बाजू शब्दांची व मापांची. येथील चूक दिसत नाहीं, म्हणून ती अधिक घातक. शेतकरी एकर-गुंठ्यांत विचार करतो, तर सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर-आर यांत असतें. १ एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात् सुमारें ०.४० हेक्टर, १ गुंठा म्हणजे जवळजवळ १ आर. दोन एकरांचा धनी हेक्टरच्या रकान्यांत २ लिहील, तर क्षेत्र जवळजवळ अडीचपट होतें. ५ आर म्हणजे ०.०५ हेक्टर, तें ०.५ असें लिहिलें तर दसपट होतें. चांगल्या ॲपनें गटाच्या एकूण क्षेत्राशीं ताडून पाहून तेथल्या तेथें सूचना द्यावी, व भरलेला आंकडा एकर-गुंठ्यांतही दाखवावा. सूचना देतांना "अवैध माहिती" एवढेंच न म्हणतां काय चुकलें व काय करावें हें सांगावें.

शेवटची गोष्ट पोंच. शिवारांत रेंज नसते. अशा वेळीं माहिती मोबाईलमध्येंच साठून राहते. "साठविली" व "सरकारदरबारीं पोंचली" या दोन गोष्टींतील भेद पडद्यावर स्वच्छ शब्दांत असला पाहिजे. काम झालें असें समजून शेतकरी घरीं जावा आणि नोंद मोबाईलमध्येंच राहावी, याहून मोठा दोष नाहीं.

पारख करण्याची रीत

ही परीक्षा एखाद्या कृषिमंडळास एका दिवसांत करतां येते. याकोब नील्सन व टॉमस लँडाउअर यांनीं १९९३ मध्यें गणितानें दाखविलें कीं, एका परीक्षकास सरासरी ३१ टक्के दोष भेटत असतील, तर पांच जणांस मिळून सुमारें ८५ टक्के भेटतात. तथापि पांचही जण एकाच घडणीचे असूं नयेत. चष्मा लावणारा वृद्ध, जिच्या नांवें खातें आहे अशी स्त्री, थोडें वाचतां येणारा, दृष्टीनें किंवा हातानें अधू असलेला, आणि सरावाचा तरुण, असे निवडावेत. मोबाईल स्वस्तांतला, रोजच्या वापरांतला घ्यावा. जागा शेताची व वेळ दुपारची असावी.

प्रत्येकास काम सांगावें, रीत सांगूं नये. "तुमच्या गटांतील तुरीची नोंद करा" एवढेंच बोलावें, व मग गप्प बसावें. बोट दाखविण्याचा मोह आवरणें हाच या परीक्षेंतील सर्वांत कठिण भाग होय. परीक्षार्थी मनांत काय विचार करतो तें त्यास मोठ्यानें बोलावयास सांगावें, आणि टिपणवहींत पांच गोष्टी लिहाव्यात : काम पुरें झालें काय, मिनिटें किती लागलीं, चुकीचीं बटनें किती दाबलीं गेलीं, मदत कितीदां मागितली, आणि शेवटीं नोंद पोंचली किंवा कसें, हें त्यास स्वतःस सांगतां आलें काय. ॲपमधील नोंद खरी असते, म्हणून शेतांत नसलेलें पीक परीक्षेसाठींही पाठवूं नये. तसेंच ओटीपी ज्याचा त्यानेंच भरावा.

समाधान मोजण्यासाठीं जॉन ब्रूक यांनीं १९८६ मध्यें रचलेली दहा विधानांची पत्रिका जगभर वापरली जाते. विधानें एकाआड एक अनुकूल व प्रतिकूल असतात, आणि प्रत्येकास १ ते ५ गुण द्यावयाचे असतात. विषम क्रमांकाच्या विधानाच्या गुणांतून १ वजा करावा, सम क्रमांकाचे गुण ५ मधून वजा करावेत; दहांची बेरीज करून तिला २.५ नें गुणावें. बेरीज २४ आली तर गुण ६० होतात. हे गुण शंभरपैकीं असले तरी ते शेंकडेवारी नव्हेत. ६८ हे सर्वसाधारण मानले जातात, आणि त्याखालील ॲपला डागडुजीची गरज समजावी.

अहवाल कसा लिहावा

"ॲप चालत नाहीं" या तक्रारीवर कोणासही कांहीं करतां येत नाहीं. मोबाईल कोणता, ॲपची आवृत्ति कोणती, कोणत्या पडद्यावर अडलें, काय व्हावयास हवें होतें व काय झालें, आणि कितींपैकीं किती जण तेथें अडले, हें लिहावें. उदाहरणार्थ : "क्षेत्राच्या रकान्यांत पांचपैकीं तिघांनीं एकराचा आंकडा भरला, ॲपनें सूचना दिली नाहीं." मग दोषांचे तीन वर्ग करावेत. ज्यामुळें नोंद होतच नाहीं किंवा चुकीची होते ते पहिल्या वर्गांत. ज्यामुळें वेळ जातो ते दुसऱ्यांत. केवळ खटकणारे तिसऱ्यांत. पहिल्या वर्गांतील दोष अहवालाच्या आरंभीं मांडावेत व पडद्याचें चित्र सोबत जोडावें. त्यांत कोणाचें नांव, मोबाईल नंबर किंवा खाते क्रमांक दिसूं देऊं नये. अहवालाची एक प्रत तलाठ्याकडे व एक तहसील कचेरींत द्यावी आणि पोंच घ्यावी. ॲपची नवी आवृत्ति आली कीं तींच कामें त्याच रीतीनें पुन्हां करून पाहावींत. म्हणजे सुधारणा खरोखर झाली किंवा कसें, हें आंकड्यांनींच समजेल.

खरीप व रब्बी या दोन्ही हंगामांत नोंदीची मुदत ठरलेली असते. ती सुरू होतांच पहिल्या आठवड्यांत मंडळांनीं ही परीक्षा उरकावी. दोष मुदतीच्या आरंभीं कळला तर दुरुस्तीस वाव असतो. अखेरच्या दिवशीं कळला तर हातीं केवळ तक्रार उरते.