एक्क्याचं वय

ओझर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यातली कितीतरी घरं डबेवाले, माथाडी म्हणून मुंबईला गेली. तिथल्या चाळी-वस्त्यांतल्या पोरांना गोविंदा पथकाचं वेड लागतं, आणि गावाकडे त्याबद्दल काही गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात.

'कोर्टाची 18 वर्षांची अट आहे.' होती. ऑगस्ट 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्यांना मनाई केली आणि उंची 20 फुटांवर आणली. पण 2017 मध्ये 14 वर्षांखालची मुलं उतरवणार नाही, सरकारच्या एवढ्या हमीवर भागलं. उंचीचं बंधन राहिलं नाही. नववीतलं पोर आज खुशाल चढू शकतं.

'पोर हलकं, त्याला काय लागतंय?' सगळ्यात वरचा तो एक्का. हलका म्हणूनच त्याला वर घेतात, कारण त्याचा प्रत्येक किलो खालच्यांच्या खांद्यावर येतो. पण पडण्याचा वेग ठरतो उंचीवर. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने 2012 मध्ये ठाण्यात नऊ थर लावले, तो मनोरा 43.79 फुटांचा होता. 40 फुटांवरून सुटलेलं पोर ताशी 55 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतं. झेलणाऱ्याचे हात कितीही तयार असोत.

'धोका काय तो हंडीच्या दिवशी.' सगळ्यात घातक समज हाच. त्या दिवशी क्रेनचा दोर असतो, रुग्णवाहिका असते, पोलीस असतात, कॅमेरे तर असतातच. सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. रात्री, गल्लीत, कामावरून दमून आलेल्या पोरांच्या खांद्यांवर. ऑगस्ट 2025 मध्ये दहिसरला 11 वर्षांचा मुलगा गेला, तो सरावातच. सरकारची ती हमी तेव्हा आठ वर्षं जुनी झाली होती.

'साहसी खेळ झाला, आता काळजी नाही.' 2022 मध्ये तो दर्जा जाहीर झाला, मृत्यू झाल्यास 10 लाखांची मदतही. हा पैसा पडल्यानंतरचा. बक्षिसाचे लाख मंडळाच्या नावावर जातात.

स्पेनच्या कॅटलोनियातही असेच मनोरे लागतात, वर लहान मुलंच असतात. 2006 मध्ये मातारोच्या पथकातली 12 वर्षांची मुलगी पडून दगावली. त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं, सरावातसुद्धा.

मुंबईतला नातू पथकात जातो म्हणाला, तर किती थर लावता हे मागाहून विचारा. आधी विचारा, सरावाच्या रात्री दोर कोण धरतं?