पाच टनांचा पट्टा आणि तीनशे किलोंचा ताण

ट्रकवर माल आवळायच्या पट्ट्याच्या टोकाशी एक छोटं निळं लेबल शिवलेलं असतं. दुकानात हा पट्टा ‘पाच टनी बेल्ट’ म्हणून मागितला जातो, कारण पाच टनांच्या आसपास ओढ बसली की तो तुटतो. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेल्या पट्ट्याच्या लेबलवर मात्र दोन वेगळेच आकडे असतात. एलसी २५०० आणि एसटीएफ ३००, किंवा त्याच्या जवळपास. एकक डेकान्यूटन, एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचं वजन. पहिला आकडा सांगतो, सरळ ओढीत या पट्ट्यावर जास्तीत जास्त किती ताण येऊ द्यायचा. दुसरा सांगतो, माणसाने हाताने रॅचेट (पट्टा ताणायचं दातेरी यंत्र) आवळून सोडल्यावर पट्ट्यात प्रत्यक्षात किती ताण उरतो. घेणारा पाच टन ऐकून पट्टा घेतो. माल जागेवर राहतो की नाही, हे बहुतेक वेळा तीनशेच्या आकड्यावर ठरतं.

कारण साधं आहे. मालावरून आडवा टाकून दोन्ही बाजूंना हौद्याच्या कड्यांत अडकवलेला पट्टा मालाला पकडून ठेवत नाही. तो मालाला खाली दाबतो. टेबलावरचा पुस्तकांचा गठ्ठा हाताने दाबून धरला की तो सहजी सरकत नाही, तसंच. माल खरोखर धरून ठेवतं ते त्याच्या बुडाचं आणि हौद्याच्या फळीचं घर्षण. पट्टा त्या घर्षणाला वरून थोडं जादा वजन पुरवतो, आणि ते वजन पट्टा किती टनांना तुटतो यावर अवलंबून नसून तो किती ताणला आहे यावर अवलंबून असतं. ढिला पट्टा पन्नास टनांचा असला तरी घर्षणात काडीची भर घालत नाही.

किती दाब लागतो, याचा हिशेब ‘ईएन १२१९५’ या युरोपीय मानकात मांडला आहे. करकचून ब्रेक लागला की माल त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे झेपावेल, असं ते धरून चालतं. वळणावर बाजूला आणि वेग घेताना मागे ०.५ पट. अमेरिकेच्या संघीय नियमांतही पुढच्या दिशेला ०.८ आणि बाजूला ०.५ हेच आकडे आहेत. आता दोन टनांची लाकडी पेटी प्लायवूडच्या हौद्यावर ठेवली आहे असं समजू. करवतीने कापलेलं लाकूड आणि प्लाय यांचा घर्षणांक ०.४५ धरतात. ब्रेक लागल्यावर पेटी १६०० किलोंच्या जोराने पुढे जाऊ पाहणार. तिच्या स्वतःच्या वजनाने मिळणारं घर्षण ९०० किलोंचं. उरलेले ७०० किलो घर्षणातूनच काढायचे, तर पेटीवर आणखी सुमारे १५५० किलोंचा दाब हवा. तीनशेचा ताण असलेला एक पट्टा दोन्ही बाजू मिळून फार तर सहाशेचा दाब देतो. मानकाने सांगितलेला सव्वापटीचा सुरक्षा गुणक लावला की उत्तर येतं चार पट्टे. दोन टनांच्या पेटीला ‘पाच टनी’ पट्टे चार!

इथे हिशेबात झाडू शिरतो, आणि तो मोठं काम करतो. हौद्यात वाळू, धान्य, भुसा सांडलेला असेल, झाडून काढलेला नसेल, तर घर्षणांक ०.२ पेक्षा जास्त धरू नये असा दंडक आहे. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो. पण तीच पेटी, तेच पट्टे आणि ०.२ घेऊन गणित केलं तर चाराऐवजी तेरा पट्टे लागतात. म्हणजे सकाळी पाच मिनिटं हौदा झाडला नाही, तर नऊ पट्ट्यांचं देणं डोक्यावर घेऊन गाडी निघते, आणि ते नऊ पट्टे कुणीच बांधलेले नसतात. उलट पेटीखाली रबरी मॅट सरकवली की घर्षणांक ०.६ वर जातो आणि दोन पट्ट्यांत काम भागतं. पट्ट्यांवर खर्च करणाऱ्या कुणालाही पहिला रुपया मॅटवर घालायला सांगावं, इतका हा फरक मोठा आहे.

दुसरी मेख कोनाची. पट्टा मालाच्या बाजूने सरळ खाली उतरत असेल तर त्याचा सगळा ताण दाबात उतरतो. माल बुटका आणि हौदा रुंद असेल तर पट्टा तिरका जातो. फळीशी ३० अंशांचा कोन झाला की दाब निम्मा. वरच्या उदाहरणातले चार पट्टे तिथे सात होतात. रॅचेट तितक्याच जोराने आवळलेलं असतं, पट्टा तितकाच कडक वाजतो, हाताला काही फरक जाणवत नाही. तरी अर्धा जोर वाया जातो.

कोन विसरल्याची सर्वांत मोठी किंमत रस्त्यावर नाही, आकाशात मोजली गेली. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून नॅशनल एअरलाइन्सचं बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईकडे निघालं. पोटात पाच चिलखती लष्करी वाहनं होती. दोन सुमारे बारा टनांची, तीन सुमारे अठरा टनांची. ती पट्ट्यांनी आवळलेली होती. उड्डाणानंतर काही क्षणांत विमानाचं नाक उभं वर गेलं, वेग संपला आणि ते धावपट्टीच्या टोकाजवळ कोसळलं. सातही कर्मचारी गेले. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेला आढळलं की सर्वांत मागचं अठरा टनी वाहन सुटून मागे सरकलं होतं. त्याने हायड्रॉलिक यंत्रणा तोडली आणि शेपटीचा आडवा पंख हलवणारी यंत्रणाही निकामी केली. विमान पुन्हा खाली वळवायला वैमानिकांच्या हाती काही उरलंच नाही.

त्या वाहनाला किमान साठ पट्टे लागले असते, असा तपासातला हिशेब होता. प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी होते. पट्टे खराब नव्हते आणि बांधणारी माणसं आळशी नव्हती. ती कंपनीच्या पुस्तिकेबरहुकूम चालली होती. पुस्तिकेतली पद्धतच अपुरी होती. पट्ट्याचा कोन बदलला की त्याची धारणशक्ती कशी घटते, हे तिने नीट धरलेलं नव्हतं. बगरामला इंधनासाठी थांबलेले असताना एक पट्टा तुटल्याचं आणि माल थोडा सरकल्याचं कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचं ते बोलणं कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सापडलं. तेव्हा त्यांना हा केवळ एका पट्ट्याचा प्रश्न वाटला असणार. सगळी बांधणीच कमी पडते आहे, हे त्या तुटलेल्या पट्ट्याने सांगितलं होतं.

पट्टा ज्या धाग्याचा बनतो तो मराठी घरांना जुना ओळखीचा आहे. जॉन रेक्स विनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या ब्रिटिश रसायनज्ञांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा धागा शोधला. टेरिलीन या नावाने तो आला आणि टेरिकॉटच्या शर्टांतून आपल्याकडे घरोघरी पोहोचला. माल बांधायला हाच धागा का? काथ्या कुजतो. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने लवकर चिरफाळतं. नायलॉन ताकदवान आहे, पण ताणलं की लांबतं आणि भिजलं की आणखी सैल पडतं. पॉलिएस्टर पाण्याला फारशी दाद देत नाही आणि कमी लांबतं. मानकाची अट अशी की लेबलवरच्या कमाल ताणाला पट्टा सात टक्क्यांहून जास्त लांबता कामा नये. ही मर्यादासुद्धा लहान नाही. दहा मीटरच्या पट्ट्याला ती सत्तर सेंटिमीटर होते.

मग अजिबात न लांबणारी साखळीच का नको? कारण थोडं लांबणं कामाचं असतं. रस्त्यावर दणके बसत गेले की माल बोटभर बसतो, खोकी दबतात, पोत्यांतलं धान्य हलून जागा करून घेतं. साखळी जवळजवळ लांबत नसल्याने तेवढ्यानेच तिचा ताण ढासळतो. पट्ट्यात मुरलेली लांबी मात्र तेवढी ढिलाई गिळून बराच ताण टिकवते. म्हणून वरून दाबायला पट्टा बरा. जड यंत्र चार कोपऱ्यांतून थेट खेचून बांधायचं असेल तिथे साखळी योग्य. त्या बांधणीत घर्षणाइतकीच बांधणीची स्वतःची ताकद कामी येते आणि लेबलवरचा मोठा आकडा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

पट्ट्यात सर्वांत जपून घडवलेली जागा म्हणजे शिवण. विणलेली पट्टी कितीही मजबूत असली तरी हुकाभोवती घडी घालून शिवावी लागतेच, आणि शिवणीत सुई प्रत्येक टाक्याला धाग्यांमधून वाट काढते. म्हणून मानक विणलेल्या पट्टीकडून लेबलच्या तिप्पट ताकद मागतं, आणि शिवून, हुक लावून तयार झालेल्या पट्ट्याकडून दुप्पट. शिवणीचा दोराही पट्टीच्याच जातीचा हवा. तो पट्टीहून वेगळ्या रंगाचा ठेवण्याची पद्धत फार शहाणपणाची आहे. निळ्यावर निळा टाका उसवलेला दिसत नाही, पांढरा चटकन दिसतो.

रॅचेटच्या रचनेत माणसाचा हात गृहीत धरलेला असतो, हा या साध्या अवजारातला सर्वांत देखणा विचार. लेबलवर एसएचएफ म्हणून पन्नासचा आकडा असतो: दांड्यावर हाताने पन्नास किलोंचा जोर दिला तर पट्ट्यात तीनशेचा ताण उरेल, असा त्याचा अर्थ. जुन्या घडणीत दांडा वर ढकलावा लागतो. लांब दांड्याच्या नव्या रॅचेटमध्ये तो खाली खेचायचा असतो, त्यामुळे शरीराचं वजन मदतीला येतं आणि काही रॅचेट पाचशेपर्यंत ताण देतात. दोन टनांच्या त्या पेटीला अशा रॅचेटचे दोनच पट्टे पुरतात. पट्टी तीच आणि हातही तोच. बदलली फक्त दांड्याची लांबी आणि दिशा. पण लांब दांडा बरा म्हणून साध्या रॅचेटच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवायचा नसतो. त्याने रॅचेटचे दात आणि आस यांवर ठरल्यापेक्षा जास्त भार येतो.

वापरताना पट्ट्याचे शत्रू ठरलेले आहेत. गाठ मारली की ताकद निम्म्यावर येऊ शकते. पट्टीच्या जाडीपेक्षा कमी गोलाई असलेली कोणतीही कड धारदार समजायची, मग ती बोटाला बोथट लागो. पट्टी असते जेमतेम तीन मिलिमीटर जाड, त्यामुळे पत्र्याची किंवा गर्डरची बहुतेक प्रत्येक कड या व्याख्येत बसते. तिथे प्लास्टिकचा कोपरा लावला की कड कापत नाहीच, शिवाय पट्टा कोपऱ्यावरून सहज घसरतो आणि रॅचेटच्या बाजूचा ताण पलीकडेही पोहोचतो. कोपरा नसला तर पलीकडची बाजू नेहमीच थोडी ढिली राहते. म्हणून जाणते लोक एक रॅचेट डावीकडे, एक उजवीकडे असे आलटून पालटून लावतात.

आणखी एक चूक जिवावर बेतणारी आहे. माल बांधायचा पट्टा क्रेनला लावून माल उचलायचा नसतो. उचलायच्या पट्ट्यात सातपट सुरक्षा ठेवलेली असते, बांधायच्या पट्ट्यात दोन-तीनपट. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून तर बांधायच्या पट्ट्याच्या लेबलवर ‘उचलण्यासाठी नाही’ असं छापावंच लागतं. लेबल फाटून गेलं की पट्टा बाद, या नियमामागचं कारणही हेच.

आपल्याकडे आजही पुष्कळ माल दोरखंड आणि ताडपत्रीवर जातो. पोती, भाजीपाला, ऊस यांना दोर चालून जातो, कारण हौद्याच्या भिंती आणि फाळकाच बरंचसं काम करतात. लोखंडाला तो चालत नाही. जालन्याच्या मिलमधून निघालेल्या सळयांच्या बंडलावर नुसता वरून पट्टा टाकला तर तो बाहेरच्या सळया दाबतो. आतल्या गुळगुळीत सळया ब्रेक लागताच बंडलातून सुटून केबिनच्या दिशेने जाऊ शकतात. बंडलाला पट्ट्याचा पूर्ण वेढा देऊन आवळणं आणि पुढे मजबूत आडभिंत असणं, दोन्ही लागतं. सळया मागे बाहेर काढून न्यायची सवलत केंद्र सरकारने २०१४ मध्ये नियम बदलून काढून घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार माल मर्यादेबाहेर आल्यास वीस हजार रुपये दंड आहे. बाहेर आलेली सळई पोलिसाला लांबून दिसते. आत सैल पडलेलं बंडल दिसत नाही, आणि ते मात्र चालकाच्या पाठीशी एका पत्र्यापलीकडे असतं. त्याची काळजी माल भरतानाच, हमाल, क्लीनर आणि चालक यांच्याच हातून घेतली जाऊ शकते. म्हणून पट्टे, मॅट आणि कोपरे त्यांच्या हाताशी ठेवण्याचा खर्च माल पाठवणाऱ्याने करायला हवा. तो चालकाच्या खिशातून निघावा ही अपेक्षा चुकीची आहे.

अमेरिकेतल्या चालकाला पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरमध्ये, थांबून बांधणी तपासावी लागते, आणि त्यानंतर दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी. माल बसतो तो सुरुवातीलाच, हे त्यामागचं कारण. न्हावाशेव्याहून पुण्याकडे निघालेला ट्रक तेवढ्या अंतरात बोरघाट चढून गेलेला असतो. आपल्याकडे ही पहिली तपासणी घाटाच्या अलीकडे, खालापूर-खोपोलीच्या आसपास व्हायला हवी: गाडी बाजूला, प्रत्येक पट्ट्यावर हात मारून बघायचं, कोपरे सरकलेत का पाहायचं, आणि पट्टा सैल लागला तर रॅचेट आणखी दोन-चार दात पुढे घ्यायचं.