गांवची शाळा आणि राज्याची सरासरी

दहावीचा निकाल लागला कीं शाळेच्या फळ्यावर शेंकडेवारीचा एक आंकडा लिहिला जातो आणि पालक तो लागलीच राज्याच्या सरासरीशीं ताडून पाहतात. केळापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण जें पांढरकवडा, तेथील शाळेचेंही मूल्यमापन याच मापानें होणार. हें माप खोटें नाहीं. परंतु तें काय मोजतें आणि काय वगळतें, हें जाणल्यावांचून शाळेस बरें-वाईट म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

२०२३ सालीं राज्याचा निकाल शेंकडा ९३.८३ लागला, यवतमाळ जिल्हा ज्या अमरावती विभागांत मोडतो, त्याचा ९३.२२. २०२४ सालीं हेच आंकडे अनुक्रमें ९५.८१ व ९५.५८ होते. साक्षरतेंत तर २०११ च्या शिरगणतींत राज्य ८२.३ आणि यवतमाळ जिल्हा ८२.८, म्हणजे जिल्हाच किंचित् पुढें. एवढ्यावरून सारें आलबेल आहे असें कोणासही वाटेल.

येथें दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली शाळेच्या लहानपणाची. चाळीस मुलें परीक्षेस बसलीं आणि त्यांतील दोन नापास झालीं, तर निकाल एकदम पांच टक्क्यांनीं उतरतो. यास्तव एका वर्षाचा निकाल हा पुरावा नव्हे. चार-पांच वर्षांची बेरीज पाहावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निकालाची शेंकडेवारी परीक्षेस बसलेल्या मुलांवर काढतात, शाळेंत आलेल्या मुलांवर नव्हे. समजा, पांचवींत शंभर मुलें दाखल झालीं, सत्तर दहावीपर्यंत पोंचलीं व सहासष्ट उत्तीर्ण झालीं. फळ्यावर ९४ टक्के निकाल झळकेल. मध्येंच गळलेलीं तीस मुलें मात्र कोणत्याच हिशेबांत येणार नाहींत.

हीं मुलें कोणाचीं, याचें उत्तर या भागांत शोधण्यास लांब जावें लागत नाहीं. राज्यांत अनुसूचित जमातींचें प्रमाण शेंकडा ९.४, तर यवतमाळ जिल्ह्यांत १८.५ आहे, आणि राज्यांतील या जमातींची साक्षरता २०११ सालीं अवघी ६५.७ होती. पोडावरील कोलाम मुलाची मायबोली कोलामी, गोंड मुलाची गोंडी; दोन्ही द्राविडी कुळांतील. शाळेची मराठी त्यास प्रथम परकीच वाटते. त्यांतच दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि घरांतील प्रत्येक हात शेतांत लागतो. एकदां मागें पडलेलें मूल पुढें वर्गांत येण्यासच संकोचतें.

म्हणून शाळेची खरी परीक्षा फळ्यावर नव्हे, तिच्या दाखल-खारीज पुस्तकांत आहे. पांचवींत आलेल्यांतून दाखला घेऊन दुसऱ्या शाळेंत गेलेलीं मुलें वजा करावींत आणि उरलेल्यांपैकीं किती दहावी उत्तीर्ण झालीं तें मोजावें. हा हिशेब कोणत्याही मुख्याध्यापकांस व पालकांस एका दुपारीं मांडतां येतो. राज्याच्या सरासरीस गांठणें ही शाळेची शोभा खरी; परंतु आलेलें मूल हातचें न जाऊं देणें हें तिचें कर्तव्य होय.